माळवदाच्या घरात गरम पाण्याची सोय

अहिल्यानगर शहरातल्या माळीवाड्यात, नालेगावात किंवा पाथर्डी-शेवगावकडच्या एखाद्या गावात शंभरी गाठलेलं घर असलं, की त्याची भिंत दीड-दोन फूट जाड असते. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढरीच्या मातीची किंवा कच्च्या विटांची भिंत, लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर बारीक लाकडांचा थर आणि त्यावर फूटभर मातीचं माळवद. अशा भिंतीवर पंचवीस लिटरचा गिझर टांगायला आलेला कारागीर ड्रिल लावतो, तेव्हा भोकातून भुसभुशीत माती ओघळत राहते आणि बोल्ट काही केल्या धरत नाही. पाण्याने भरलेल्या त्या गिझरचं वजन पस्तीस-चाळीस किलो असतं. आज ना उद्या तो खाली येणार, आणि तो येईल तेव्हा खाली कोणीतरी अंघोळ करत असेल.

म्हणून जुन्या घरासाठी गरम पाण्याची सोय निवडताना दुकानात जाण्याआधी घराकडे बघावं. भिंत किती भार धरेल, माळवद काय पेलेल, वायर कोणत्या काळातली आहे आणि नळाला येणारं पाणी कसं आहे, या चार गोष्टी कळल्या की निम्मी यंत्रं आपोआप यादीतून गळतात. उरलेल्यांतून निवड करणं मग फारसं अवघड नसतं.

आधी थंडीबद्दल बोलू. अहिल्यानगर म्हणजेच नगर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटरवर आहे. पर्जन्यछायेचा कोरडा मुलूख, हवेत दमटपणा कमी, आकाश निरभ्र; त्यामुळे रात्री जमीन आपली उष्णता भराभर सोडून देते. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या खाली जातो आणि राज्यातल्या सर्वांत गार ठिकाणांच्या बातमीत नगरचं नाव वरचेवर असतं. पण दुपारी त्याच शहरात अठ्ठावीस-तीस अंश असतात. थंडी रात्रीची आणि पहाटेची आहे, दिवसभराची नाही. युरोपातल्या थंड देशांत घर ऊबदार ठेवणं आणि पाणी तापवणं ही दोन्ही कामं एकाच बॉयलरकडे असतात. त्याच्या नळ्या खोल्याखोल्यांतून फिरतात. आपल्याकडे पहिलं काम ही जाड भिंतच करते. दिवसभर खाल्लेलं ऊन मातीतून आत पोचायला बरेच तास लागतात, म्हणजे बाहेर गारठा वाढू लागतो तेव्हा भिंतीची आतली बाजू कोमट होत असते. उन्हाळ्यात हीच भिंत दुपार बाहेर थोपवते. ज्यांनी अशी भिंत पाडून सहा इंची विटांची किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांची भिंत घातली, त्यांना हिवाळ्यात रजई आणि उन्हाळ्यात कूलर दोन्ही वाढवावं लागलं.

तेव्हा जुन्या घराच्या खोल्या तापवण्यासाठी काही विकत घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. झरोक्यांना आणि दाराच्या फटींना पडदा लावा, चौकातलं ऊन अडवणारा पत्रा काढा, शहाबादी फरशीवर सतरंजी किंवा घोंगडी पसरा. एवढं पुरतं. कोळशाची शेगडी मात्र दारं लावून घेतलेल्या खोलीत रात्रभर ठेवू नका. जळता कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपलेल्या माणसाला कळतही नाही. म्हाताऱ्या माणसांच्या आणि बाळंतिणीच्या खोलीत अजूनही शेगडी ठेवली जाते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. शेगडी ठेवायचीच तर दार किंवा खिडकी उघडी हवी आणि झोपण्याआधी ती बाहेर काढायला हवी.

म्हणजे खरा प्रश्न उरतो तो अंघोळीच्या पाण्याचा.

हा प्रश्न जुन्या घराने आपल्या परीने सोडवला होता. चुलीला शेजारी वैल असे. मुख्य जाळावर भाकरी, आणि पुढे सरकणाऱ्या आचेवर वैलावर दुधाचं किंवा पाण्याचं भांडं. वाया जाणाऱ्या उष्णतेतून दुसरं काम निघत असे. मोठ्या घरात न्हाणीजवळ तांब्याचा बंब असे. त्याची रचना नीट पाहिली तर ती बनवणाऱ्या तांबटाबद्दल आदर वाटतो. उभं पिंप, त्याच्या मधोमध खालून वर आरपार जाणारी नळी, नळीच्या तळाशी जाळी. जाळ जाळीवर, धूर नळीतून वर, आणि नळीच्या भोवती सगळीकडून पाणी. उघड्या चुलीवरच्या हंड्याला फक्त तळाशी आच लागते, बाजूने सुटणारी उष्णता हवेत जाते. बंबात जाळच पाण्याच्या पोटात असतो आणि बाहेर पडणारा धूरही जाता जाता पाणी तापवतो. तांबं उष्णता झटकन वाहून नेतं, ते गंजून त्याला भोकं पडत नाहीत आणि तीन पिढ्यांनंतरही मोडीत चांगली किंमत देतं. बंबाला एकच पथ्य: पाणी नसताना जाळ घालायचा नाही, नाहीतर सांधे उसवतात.

त्याला जळण लागतं तेही काही वखारीतलं नाही. तुरीच्या तुराट्या, कपाशीच्या पळाट्या, शेंगांची टरफलं, गोवऱ्या, बाभळीच्या ढलप्या. शेतात जे उरतं ते बंबात जातं. हिशेब करून पाहू. जानेवारीत पहाटे टाकीतलं पाणी साधारण अठरा अंशांवर असतं आणि अंघोळीला चाळीस अंशांचं पाणी पुरे होतं. वीस लिटरची एक बादली बावीस अंशांनी तापवायला ४४० किलोकॅलरी लागतात. पाच माणसांच्या घराला रोज पाच बादल्या, म्हणजे २२०० किलोकॅलरी. वाळलेलं लाकूड किलोमागे साडेतीन हजारांच्या आसपास किलोकॅलरी देतं, पण उघड्या चुलीत त्यातला जेमतेम सातवा-आठवा हिस्सा पाण्यापर्यंत पोचतो. म्हणजे रोज चार-पाच किलो जळण. बंबाला त्याहून कमी लागतं. किती कमी, ते जाळ घालणाऱ्याच्या हातावर आणि जळण किती वाळलं आहे यावर ठरतं.

बंबाची दुसरी बाजूही सांगायला हवी. पहाटे पाच वाजता उठून जाळ घालणारी, धुरात डोळे चोळणारी, राख काढणारी बाई कोण असते, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. घरातल्या शेवटच्या माणसाची अंघोळ होईपर्यंत तिची सुटका नसते. बंबाचं कौतुक लिहिणाऱ्यांत तो पेटवणारे फारसे नसतात. धूर घरात कोंडत असेल तर तो बंब आजच परसात हलवावा, वर पत्र्याचं छप्पर करावं आणि धुराड्याची नळी छपराच्या वर न्यावी. माळवदाच्या घरात आणखी एक धोका आहे: ठिणगी. शंभर वर्षं वाळलेलं सागवान लवकर पेट घेतं, आणि पेठेत तर एका घराची तुळई दुसऱ्याच्या भिंतीला टेकलेली असते.

चुलीच्या धुराने आढ्याचं लाकूड काळं पडतं, पण भुंगे आणि वाळवी त्यापासून जरा दूर राहतात, असा जुन्या सुतारांचा अनुभव आहे. घरातली चूल बंद झाल्यावर लाकडाची ती राखण संपते. म्हणून चूल-बंब काढणाऱ्याने तुळयांना वाळवीचं औषध लावण्याचा खर्चही त्याच वर्षी धरावा. हे सहसा कोणी सांगत नाही.

आता वीज. ८६० किलोकॅलरी म्हणजे एक युनिट. त्या हिशेबाने एका बादलीला अर्धं युनिट आणि पाच जणांना अडीच युनिटं. टाकीतून आणि नळीतून उष्णता जाते ती धरून रोज तीन युनिटं. हिवाळ्याचे चार महिने म्हणजे साडेतीनशे-पावणेचारशे युनिटं. खर्च फार वाटत नाही, पण विजेचा दर टप्प्यांनी चढतो. शंभर युनिटांच्या आत राहणारं घर गिझरच्या नव्वद युनिटांमुळे वरच्या टप्प्यात जातं आणि वाढीव युनिटांना वरचा दर लागतो. शेजाऱ्याचं बिल बघून आपला अंदाज बांधू नये तो यासाठी.

बिलापेक्षा मोठी अडचण वायरिंगची आहे. जुन्या वाड्यांत अजूनही लाकडी पट्टीवर ठोकलेली वायर सापडते. तिच्यावरचं रबर कडक होऊन तडकलेलं असतं, अर्थिंगची तिसरी तार नसते आणि ती वायर घातली तेव्हा घरात चार बल्ब, एक पंखा आणि एक रेडिओ एवढाच भार होता. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गिझर तेरा अँपिअर ओढतो. ती वायर तापते, सांध्यावर ठिणगी पडते, आणि शेजारी पुन्हा तेच वाळलेलं सागवान. म्हणून नियम साधा आहे: गिझरसाठी मीटरपासून न्हाणीपर्यंत तांब्याची स्वतंत्र वायर, तीही चार चौरस मिलिमीटरची, तिचा स्वतःचा एमसीबी, तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, जो गळती होताच सेकंदाच्या अंशात वीज तोडतो, आणि परसात खड्डा घेऊन केलेलं खरं अर्थिंग. मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे तो वाढवून घ्यावा. या सगळ्याचा खर्च कधीकधी गिझरच्या किमतीएवढा होतो. तो टाळणाऱ्याने गिझरही टाळावा.

पाणी तापवायची कांडी तर मी कोणालाच सुचवणार नाही. लोखंडी बादलीत ती शॉक देते, प्लास्टिकची बादली वितळवते आणि ‘पाणी तापलं का’ म्हणून बटण बंद न करता बोट बुडवणारं माणूस प्रत्येक घरात असतं. काही जण जुन्या बंबात विजेची कॉइल बसवून घेतात. बंबाचं सगळं अंग तांब्याचं. कॉइलचं आवरण एकदा फुटलं की हात लावणाऱ्याला थेट धक्का. अर्थिंग नसलेल्या घरात हा जिवावरचा खेळ आहे.

इन्स्टंट की साठवणीचा, हा प्रश्न शहरात वेगळा आणि गावात वेगळा. तीन किलोवॉटचा इन्स्टंट गिझर मिनिटाला दोन लिटर पाणी बावीस अंशांनी तापवतो, म्हणजे बादलीला दहा मिनिटं. हे पूर्ण दाबाच्या विजेवर. गावात पहाटे शेतीपंप चालू झाले की २३० व्होल्टचे १८० होतात, आणि विजेची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे तीन किलोवॉटचा गिझर १.८ किलोवॉटचा उरतो. बादलीला सोळा-सतरा मिनिटं लागतात आणि शाळेची बस निघून जाते. साठवणीचा गिझर अशा ठिकाणी बरा. व्होल्टेज ठीक असताना तापवून ठेवता येतो. पंधरा लिटरचा गिझर साठ अंशांवर तापला, तर गार पाणी मिसळून अठ्ठावीस लिटर अंघोळीचं पाणी देतो, म्हणजे सव्वा बादलीहून जास्त. पंचवीस लिटरचा दोन बादल्यांहून थोडं अधिक. तो टांगायचा कसा, हा सुरुवातीचा प्रश्न उरतोच. मातीच्या भिंतीत साधा अँकर बोल्ट धरत नाही. भिंतीच्या आरपार गज घालून पलीकडे लोखंडी पट्टी लावावी, किंवा त्याहून सोपं, जमिनीवर पाय रोवलेली अँगलची चौकट करून गिझर तिच्यावर बसवावा. भिंतीला हात लावायची गरजच पडत नाही.

गॅस गिझरला वीज जवळपास लागत नाही आणि पाणी लगेच येतं, म्हणून तो लोकप्रिय झाला. एक किलो गॅसमधून सुमारे अकरा हजार किलोकॅलरी निघतात. पाचातला एक हिस्सा वाया गेला असं धरलं तरी पाच बादल्यांना पाव किलो गॅस पुरतो, म्हणजे १४.२ किलोची टाकी फक्त अंघोळीवर दोन महिन्यांच्या आत संपते. हिशेब वाईट नाही. वाईट आहे ती जुन्या घराची न्हाणी: चार बाय चारची, दगडी, एक छोटा झरोका, तोही थंडीत बोळा घालून बंद केलेला. तिथे गॅस गिझर लावणं म्हणजे शेगडीचा तोच विषारी वायू, पण जास्त वेगाने. ऑक्सिजन कमी होतो, ज्योत अर्धवट जळते, माणूस चक्कर येऊन पडतं आणि आतून कडी असते. अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात महाराष्ट्रात कुठून ना कुठून येतात. गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या हवेत, भिंतीच्या पलीकडे बसवता येत असेल तरच घ्यावा. शिवाय त्याला पेट घ्यायला पाण्याचा दाब लागतो. उंचावर टाकी नसलेल्या घरात तो फुरफुरतो आणि विझतो.

आता सूर्य. अहिल्यानगर जिल्ह्याच्या बहुतेक भागात पाऊस कमी, ढग कमी. हिवाळ्यात तर आठवडेच्या आठवडे आकाश स्वच्छ असतं. या उन्हाची ताकद शिर्डीत बघायला मिळते. साईबाबा संस्थानाच्या प्रसादालयावर २००९ साली ७३ सौर तबकड्या बसवल्या गेल्या आणि त्यांच्यापासून होणाऱ्या वाफेवर हजारो भक्तांचा स्वयंपाक शिजू लागला. जे ऊन पाण्याची वाफ करतं, त्याला अंघोळीचं पाणी तापवणं काहीच जड नाही. पण प्रसादालयाचं छत काँक्रीटचं आहे. आपलं माळवद मातीचं आहे, आणि सौर बंबाचा सगळा प्रश्न या एका फरकात आहे.

शंभर लिटरचा सौर बंब पाण्यासह पावणेदोनशे-दोनशे किलो भरतो. दुकानदार मात्र पाच माणसं ऐकली की दोनशे लिटरचा सुचवतो, तो साडेतीनशे किलोच्या पुढे. त्यात गार पाण्याची टाकी सौर बंबापेक्षा उंच हवी, कारण पाणी आपल्या वजनानेच खाली त्यात उतरतं. पाचशे लिटरची टाकी म्हणजे आणखी अर्धा टन, तोही सात-आठ फुटी घोडीवर. हा भार चार पायांवर येतो. माळवदाच्या मातीत पाय रुततात, रुतलेल्या जागी पावसाचं पाणी साठतं, ते खालच्या लाकडात मुरतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत कडी कुजते. आणखी एक गोष्ट आहे. माळवदावर दरवर्षी पावसाळ्याआधी खारी माती टाकायची पद्धत आहे. ती माती पाणी लागताच फुगून भेगा बुजवते, म्हणून घर गळत नाही. घोडी आणि नळ्यांच्या जंजाळाखाली ती माती नीट पसरता येत नाही, चोपता येत नाही. नेमकी तिथेच गळती सुरू होते.

म्हणून सौर बंब माळवदावर चढवू नका, हे मी ठासून सांगेन. परसात नवी न्हाणी बांधा: स्वतःचे चार खांब, स्वतःचा काँक्रीटचा स्लॅब, जुन्या भिंतीपासून चार बोटं सुटी. स्लॅबवर सौर बंब, त्याच्याही वर टाकी, खाली अंघोळ. जुन्या घरावर एक किलोचाही भार येत नाही. दुसरा फायदा ओलाव्याचा. मातीच्या भिंतीला रोजची वाफ आणि शिंतोडे सोसत नाहीत. तिला लोणा लागतो, पोपडे निघतात, पायथा खचतो. ओलं काम घराबाहेर गेलं की घराचं आयुष्य वाढतं. तिसरा फायदा नळीच्या लांबीचा, आणि दुष्काळी भागात तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. पाऊण इंची नळीत मीटरमागे पाव लिटरहून जास्त पाणी राहतं. सौर बंब माळवदाच्या एका टोकाला आणि न्हाणी दुसऱ्या टोकाला, मध्ये वीस मीटर नळी, तर गरम पाणी येण्याआधी पाच-साडेपाच लिटर गार पाणी सोडावं लागतं. टँकरवर जगणाऱ्या गावात ते पाणी मोरीत जाणं बघवत नाही. नळी आखूड ठेवा, गरम पाण्यासाठी सीपीव्हीसीची घ्या, तिच्यावर फोमचं आवरण चढवा, आणि ती मातीच्या भिंतीत कधीही गाडू नका. भिंतीतली गळती सहा महिन्यांनी कळते, तोवर भिंत आतून चिखल झालेली असते.

आणि दोनशे लिटरचा सौर बंब बहुतेक घरांना लागतच नाही. रात्रभरात थोडं निवून शंभर लिटर पाणी पहाटे पंचावन्न अंशांवर राहिलं, तर गार पाणी मिसळून त्याचं १६८ लिटर अंघोळीचं पाणी होतं. वीस लिटरच्या आठ बादल्या. पाच माणसांना अंघोळीला पाच बादल्या. उरलेल्यात भांडी आणि बाळाचे कपडे. शॉवर लावला तर हा हिशेब मोडतो, म्हणून जुन्या घरात बादलीच ठेवावी.

जागा ठरवताना सावलीचा विचार डिसेंबरचा करावा, मे महिन्याचा नाही. नगर एकोणीस अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य साडेसत्तेचाळीस अंशांपेक्षा वर चढत नाही. म्हणजे दक्षिणेच्या बाजूला तीस फुटी इमारत असेल, तर तिची सावली दुपारी बारा वाजताही सत्तावीस-अठ्ठावीस फूट लांब पडते, सकाळी नऊला त्याहून खूप लांब. पेठेतल्या दाट वस्तीत, शेजारी तीन मजले चढलेले असताना, सौर बंब हिवाळ्यातच निकामी ठरतो. जिथे ऊन येत नाही तिथे तो घेऊ नये. कंपनीचं नाव कितीही मोठं असो. तोंड दक्षिणेला आणि उतार तीस-पस्तीस अंश ठेवला, तर थंडीतलं ऊन जास्त मिळतं.

चौथी गोष्ट पाण्याची. नगर शहराला मुळा धरणाचं पाणी मिळतं, ते तुलनेने सौम्य. पण जिल्ह्यातली असंख्य घरं बोअरच्या पाण्यावर आहेत. काळ्या दगडाच्या थरांतून मुरत आलेलं हे पाणी कॅल्शिअम आणि मॅग्नेशिअमचे क्षार घेऊन येतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पाणी तापलं की क्षार सुटून पांढरा थर बसतो. साठ अंशांच्या वर हा थर फार वेगाने धरतो. सपाट पेटीच्या सौर बंबात बोटाएवढ्या तांब्याच्या नळ्या असतात. जड पाण्याने त्या काही वर्षांत तुंबतात. काचेच्या निर्वात नळ्या रुंद असतात, त्यांत थर बसला तरी त्या उपसून धुता येतात, फुटली तर एकच नळी बदलता येते. बोअरच्या पाण्याला म्हणून काचेच्या नळ्यांचा बरा. विजेच्या गिझरमध्ये मॅग्नेशिअमची एक दांडी असते. ती स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. जड पाण्यात ती लवकर संपते. दरवर्षी उघडून बघावी, थर्मोस्टॅट पंचावन्न अंशांवर ठेवावा. दहा वर्षांची हमी असलेल्या टाक्या चार वर्षांत गळतात त्या बहुधा या दांडीकडे कोणी न पाहिल्यामुळे.

हे सगळं पठारावरच्या तालुक्यांना लागू. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग, भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, हा एकाच जिल्ह्यातला वेगळाच देश आहे. नगरला वर्षभरात पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस, तर तिथे त्याच्या कित्येक पट. जून ते सप्टेंबर सूर्य दिसत नाही आणि गरम पाण्याची गरज तेव्हाच सर्वांत मोठी, कारण भातखाचरातून माणूस भिजून, चिखलाने भरून घरी येतं. त्या घरांना सौर बंब सुचवणं म्हणजे त्यांची फसवणूक. कारवीच्या कुडाच्या घरात वैल असलेली सुधारित चूल, धुराड्यासह, आणि बाहेर पडवीत छोटा बंब हेच योग्य. ज्यांच्याकडे चार-पाच जनावरं आहेत आणि परसात जागा आहे, त्यांनी गोबरगॅसचा विचार जरूर करावा. मात्र तो स्वयंपाकाला आधी, अंघोळीला नंतर.

उष्णता-पंप नावाचं यंत्र आता लॉज आणि रुग्णालयांत दिसतं. ते हवेतली उष्णता ओढून पाण्यात घालतं आणि एका युनिटात सुमारे तीन युनिटांचं काम करतं. उत्तम यंत्र आहे, पण रोज पाच बादल्यांसाठी त्याची किंमत वसूल होत नाही. छतावरच्या सौर विजेचं गणित मात्र वेगळं. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार रुपये आणि तीन किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. एका किलोवॉटची पॅनेल दिवसाला सरासरी चार युनिटं देतात. आपल्याला अंघोळीला तीन लागतात. पॅनेलचा भार चौरस मीटरमागे बारा-पंधरा किलो, म्हणजे पाण्यापेक्षा खूप हलका, पण वारा त्यांना उचलू पाहतो आणि मातीत खिळा धरत नाही. त्यांचीही चौकट जमिनीवरून किंवा नव्या स्लॅबवरूनच उभी करावी.

पठारावरच्या माळवदाच्या घराला, परसात ऊन असेल तर, मी हे सुचवेन: वेगळ्या न्हाणीवर शंभर लिटरचा काचेच्या नळ्यांचा सौर बंब, आणि ढगाळ दिवसांसाठी खाली चौकटीवर पंधरा लिटरचा विजेचा गिझर. पेठेतल्या सावलीतल्या घराला, दोन-तीन माणसं असतील तर, फक्त पंचवीस लिटरचा गिझर आणि नवी वायर. शेतावरच्या घराने तांब्याचा बंब मोडीत घालू नये. दिवाळीत पाहुण्यांनी घर भरतं तेव्हा आणि वीज गेलेल्या पहाटे त्याच्याइतकं भरवशाचं काही नाही. तो परसात मांडावा आणि जाळ घालण्याची पाळी घरातल्या पुरुषांनीही घ्यावी.

यातलं काहीच या वर्षी जमणार नसेल, तरी एक काम दिवाळीच्या आत करा. जाणत्या वायरमनला बोलवा, घराचं अर्थिंग मोजायला सांगा, आरसीसीबी बसवून घ्या आणि न्हाणीच्या झरोक्यातला बोळा काढा.